आयर्लंडची बंदूक आठवते, हप्त्याच्या नोटिसा का आठवत नाहीत?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यावर आलेला दीर्घ लेख मी आवडीने वाचला. १९१६ सालचा डब्लिनचा उठाव, पुढाऱ्यांना गोळ्या घालून दिलेले देहदंड, मायकेल कॉलिन्सचे गनिमी युद्ध, डी व्हॅलेरांचे राजकारण, तह आणि फाळणी हे सारे लेखकाने नीट मांडले आहे. मात्र लेखाच्या अखेरीस महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील मराठी तरुणांनी या इतिहासापासून स्फूर्ती घ्यावी, असे एक वाक्य आहे आणि माझी हरकत तेवढ्याच वाक्याला आहे. स्फूर्ती घ्यायची ती नेमकी कशापासून, हे लेखात कोठेच येत नाही. बंदूक हाती घेऊन मेलेल्यांची नावे येतात. बंदूक खाली ठेवून ज्याने पुढची साठ वर्षे लेखणी चालवली आणि आपल्या मुलखातील गरीब शेतकऱ्याच्या घरी आलेली वसुलीची नोटीस राष्ट्राच्या प्रश्नाच्या मध्यभागी आणून ठेवली, त्या पॅडर ओ'डॉनेल या माणसाचे नावही येत नाही. सीमाभागाने आयर्लंडकडून काही घ्यायचेच असेल, तर ते या माणसाच्या वर्तमानपत्री लिखाणातून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र.

आयर्लंडचे नाव बेळगावला परके नाही. लोकमान्यांनी आपल्या होमरूल लीगची स्थापना केली ती एप्रिल १९१६ च्या अखेरीस, बेळगावात भरलेल्या मुंबई प्रांतिक परिषदेच्या वेळी. होमरूल ही संज्ञाच आयरिश राजकारणातून आलेली होती. योगायोग असा, की बेळगावात ही परिषद भरली त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये उठाव चालू होता. आपल्याकडच्या व्याख्यानांतून हा योगायोग फारसा ऐकू येत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

ओ'डॉनेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८९३ रोजी डोनेगॉल परगण्यातील डंग्लोजवळच्या मीनमोर या खेड्यात झाला. डोनेगॉल म्हणजे आयर्लंडचा वायव्य कोपरा: खडकाळ जमीन, सततचा पाऊस, तुकड्यातुकड्यांची शेती, आणि त्या शेतीवर पोट भरत नाही म्हणून दरवर्षी हंगामात स्कॉटलंडला मजुरीसाठी जाणारी माणसे. आयर्लंडची फाळणी करणाऱ्या १९२० च्या ब्रिटिश कायद्याने अल्स्टर प्रांतातील नऊ परगण्यांपैकी सहा वेगळे काढले गेले आणि डोनेगॉल उरलेल्या तिघांत राहिला. परिणामी त्याची नेहमीची बाजारपेठ असलेले डेरी शहर सरहद्दीच्या पलीकडे गेले आणि १ एप्रिल १९२३ पासून या सरहद्दीवर जकातनाकी उभी राहिली. जनावर विकायला नेणारा शेतकरी काल ज्या रस्त्याने सरळ जात होता, त्याच रस्त्यावर आज त्याला थांबून कागद दाखवावा लागला.

सरहद्द नव्याने ठरवण्यासाठी १९२४ साली आयोग नेमला गेला. सीमाभागातील वाचकांना पुढची कथा ओळखीची वाटेल. आयोगाच्या अध्यक्षपदी दक्षिण आफ्रिकेतील न्यायाधीश फीदम होते. नोव्हेंबर १९२५ मध्ये अहवालातील मजकूर एका लंडनच्या वर्तमानपत्रात फुटला, डोनेगॉलच्या पूर्वेकडील काही भागही उत्तरेला जाणार असे त्यात दिसले, गदारोळ झाला, आणि तिन्ही सरकारांनी मिळून अहवाल बासनात बांधला. तो छापून लोकांसमोर यायला १९६९ साल उजाडले. आपल्याकडे सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो अमान्य केला आणि २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. हे साम्य मी याहून पुढे ताणणार नाही. तिथे दोन राज्यसत्तांमधील सरहद्द होती आणि तिच्यापायी पुढे अनेक दशके रक्त सांडले. इथे एकाच देशातील दोन राज्यांचा वाद आहे आणि तो घटनेच्या चौकटीतच सुटायचा आहे. तथापि सरहद्दीवरच्या माणसाचा रोजचा त्रास कोणत्या जातीचा असतो, एवढे कळायला हे साम्य पुरेसे आहे.

ओ'डॉनेल पेशाने शिक्षक होते. डब्लिनमध्ये शिक्षणशास्त्राचे शिक्षण घेऊन ते आपल्याच परगण्यातील अॅरनमोर बेटावर शाळामास्तर झाले. त्या बेटावरची माणसे बटाटे काढण्यासाठी स्कॉटलंडला जात आणि तिथे गोठ्यात वा कोठारात गवतावर झोपत. बायका आणि अर्धवट वयाच्या मुली दिवसभर चिखलात गुडघे टेकून बटाटे वेचत. ही हालत ओ'डॉनेल यांनी स्वतः स्कॉटलंडला जाऊन पाहिली आणि १९१८ च्या सुमारास मास्तरकी सोडून ते कामगार संघटनेचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. १९१९ च्या आरंभी मोनाहन येथील मनोरुग्णालयाच्या सेवकांनी कामाचे तास आणि पगार यांवरून संप केला, तेव्हा त्यांनी इमारतीचाच ताबा घेऊन तिच्यावर लाल झेंडा लावला. या संपाचे संघटक ओ'डॉनेल होते आणि संपकऱ्यांच्या मागण्या बऱ्याच अंशी मान्य झाल्या. त्यांच्या हाती बंदूक आली ती या सगळ्यानंतर, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मजुराचा प्रश्न त्यांना आधी कळला होता आणि राष्ट्राच्या प्रश्नाकडे ते त्या बाजूने आले.

बंदुकीचा काळ मी थोडक्यात सांगतो, कारण पुरवणीतील लेखात अशा गोष्टींना पुरेशी जागा मिळालेली आहे. आयरिश रिपब्लिकन आर्मीत (आयआरए), म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेत, ते डोनेगॉलमधील एका ब्रिगेडचे प्रमुख होते. ब्रिटनशी झालेला, राजनिष्ठेच्या शपथेसह मर्यादित स्वराज्य देणारा डिसेंबर १९२१ चा तह त्यांनी नाकारला; या तहावरून आयरिशांमध्येच यादवी पेटली. २८ जून १९२२ रोजी नव्या आयरिश सरकारच्याच तोफांनी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीवर मारा सुरू केला, तेव्हा ते आत होते. तिथून ते माउंटजॉय तुरुंगात गेले. ८ डिसेंबर १९२२ रोजी त्याच तुरुंगात लियम मेलोज, रोरी ओ'कॉनर आणि आणखी दोघांना खटला न चालवता गोळ्या घालण्यात आल्या. मेलोज हे ओ'डॉनेल यांचे निकटचे सहकारी होते. मारणारेही आयरिश होते, कालचे सोबती होते. त्या यादवीत सरकारने अधिकृतपणे दिलेल्या देहदंडांची संख्या ७७ मानली जाते. पुढे १९२३ च्या अखेरीस कैद्यांचे मोठे उपोषण झाले, त्यात ओ'डॉनेल ४१ दिवस उपाशी राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डोनेगॉलच्या मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच संसदेवर निवडून दिले होते. मार्च १९२४ मध्ये कुरा येथील छावणीतून ते सैनिकाचा गणवेश अंगावर चढवून सरळ बाहेर चालत गेले. त्यांनी १९३२ साली या तुरुंगवासावर जे पुस्तक लिहिले, त्याचे नाव 'द गेट्स फ्ल्यू ओपन'.

आता मुख्य गोष्ट. १९२६ साली ते 'अॅन फोब्लाख्त' या प्रजासत्ताकवाद्यांच्या, म्हणजे तह नाकारणाऱ्यांच्या, साप्ताहिकाचे संपादक झाले. हरलेल्या बाजूच्या वर्तमानपत्राची जी अवस्था असते, तीच या पत्राचीही होती. हुतात्म्यांचे स्मृतिदिन, राजनिष्ठेच्या शपथेवरचा वाद, तह कोणी कसा विकला याची उजळणी, आणि खरे सरकार कोणते यावरचा कायदेशीर काथ्याकूट. यादवीत हरलेल्या चळवळीला भूतकाळात राहणे सोयीचे असते, कारण तिथे तिचा पुन्हा पराभव होत नाही. ओ'डॉनेल यांनी या साप्ताहिकात एक नवा विषय आणला, तो म्हणजे जमिनीच्या हप्त्यांचा.

हा विषय वाचकांना थोडा समजावून सांगावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९०९ पर्यंत ब्रिटिश संसदेने अनेक जमीन कायदे केले. त्यांच्या आधारे आयरिश कुळांनी जमीनदारांकडून जमिनी विकत घेतल्या. किंमत सरकारने जमीनदाराला चुकती केली आणि कुळाने ती सरकारला दीर्घ मुदतीच्या वार्षिक हप्त्यांनी फेडायची, असे ठरले. कुळ मालक झाले, पण खंडाच्या जागी हप्ता आला. स्वातंत्र्य मिळाल्यावर फ्री स्टेटचे, म्हणजे तहातून जन्मलेल्या नव्या आयरिश राज्याचे, सरकार हे हप्ते शेतकऱ्यांकडून वसूल करून ब्रिटिश तिजोरीकडे पाठवत राहिले. वर्षाकाठी सुमारे ३० लाख पौंड. यासंबंधीचे १९२३ आणि १९२६ चे करार आयरिश संसदेच्या मंजुरीविना झालेले होते. जी जमीन मुळात विजेत्यांनी हिसकावून घेतली, तिची किंमत हिसकावलेल्यांच्या नातवंडांनी का भरावी, एवढाच ओ'डॉनेल यांचा सवाल होता.

डोनेगॉलच्या शेतकऱ्याला हा सवाल कोणी तात्त्विक भाषेत समजावून सांगण्याची गरज नव्हती. हप्ता थकला की नोटीस येई, नोटिशीमागून जप्तीचा माणूस येई, आणि घरात जप्त करण्याजोगे असे ते काय, तर गाय. गाय गेली की दूध गेले, लोणी गेले, शेतात घालायचे खत गेले, आणि पुढच्या वर्षीचा हप्ता भरण्याची उरलीसुरली शक्यताही गेली. ओ'डॉनेल यांनी आपल्याच परगण्यातून, आपल्याच शेजाऱ्यांपासून हप्ते रोखण्याची चळवळ सुरू केली आणि साप्ताहिकातून ती इतर परगण्यांत नेली. ज्या राष्ट्रवादाला यादवीच्या पराभवानंतर पाय उरले नव्हते, त्याला या थकबाकीदार शेतकऱ्यांनी पाय दिले. गंमत अशी, की त्यांच्या स्वतःच्या संघटनेचे वरिष्ठ या चळवळीबाबत थंडच होते. गाय आणि लोणी हा सैनिकी संघटनेच्या इतमामाला शोभणारा विषय नव्हे, असे त्यांना वाटत असावे. आपल्याकडेही सभेत वीजबिलाचा विषय निघाला की व्यासपीठावरचे काही चेहरे असेच होतात.

पुढे काय झाले तेही पूर्ण सांगितले पाहिजे, नाहीतर ही कथा फार सोपी वाटेल. डी व्हॅलेरांनी हा प्रश्न अचूक हेरला आणि आपल्या फियाना फॉल पक्षाच्या कार्यक्रमात घेतला. मार्च १९३२ मध्ये ते सत्तेवर आले आणि त्यांनी लंडनला हप्ते पाठवणे बंद केले. ब्रिटनने आयरिश गुराढोरांवर आणि इतर मालावर २० टक्के जकात बसवली, आयर्लंडने उलट जकात बसवली, आणि १९३८ पर्यंत चाललेल्या या आर्थिक युद्धात आयरिश गुरांचे भाव असे कोसळले की सरकारला वासरे मारण्यासाठी पैसे द्यावे लागले. शेवटी १ कोटी पौंडांच्या एकरकमी रकमेवर तडजोड झाली. म्हणजे ओ'डॉनेल यांची मागणी जिंकली का? अर्धी जिंकली. हप्ते लंडनला जायचे थांबले. पण शेतकऱ्याचा हप्ता माफ झाला नाही. १९३३ च्या कायद्याने तो निम्म्यावर आणला आणि उरलेला निम्मा आता डब्लिनच्या तिजोरीत जमा होऊ लागला. ओ'डॉनेल यांना हप्ता मुळातूनच रद्द हवा होता. शेतकऱ्याने उभा केलेला प्रश्न पक्षाच्या पदरात पडला की त्याची किंमत कशी वाटली जाते, याचा हा नमुना आहे, आणि ओ'डॉनेल यांनी १९६३ साली या चळवळीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, यावरून हा विषय त्यांच्या मनातून किती काळ गेला नव्हता हे दिसते.

आता आपल्याकडे वळतो. सीमाभागाच्या इतिहासात अशी एक घटना आहे, जी आपण आपल्या प्रश्नाच्या इतिहासात धरतच नाही. १९८१ साली निपाणीला तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. त्यांत मराठी बोलणारे शेतकरी होते, तसेच कन्नड बोलणारेही होते, आणि त्यांची तक्रार तंबाखूच्या भावाची आणि व्यापाऱ्यांच्या लुटीची होती. एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. १७ जानेवारी १९५६ आणि १ जून १९८६ या सीमालढ्यातील हुतात्म्यांच्या तारखा आपण पाळतो आणि पाळल्याच पाहिजेत, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला मीही सायकल फेरीत चाललेलो आहे. परंतु निपाणीचा तो एप्रिल सीमाभागाच्या लिखाणात बाजूच्या खोलीत का बसवला गेला? त्यात जे मेले ते सीमाभागातले नव्हते काय? ओ'डॉनेल यांच्यासारखा संपादक इथे असता, तर त्याने हे दोन्ही लढे एकाच पानावर छापले असते.

कारण भाषेचा आपला प्रश्न हा मुळात पोटाशी जोडलेलाच आहे. तो जोड आपल्या लिखाणात दिसत नाही, एवढेच. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातला बटाटा आणि रताळी घेऊन मार्केट यार्डात आलेली बाई पहा. रात्रीच्या गाडीने माल आलेला असतो, ती पोत्यांना टेकून बसलेली असते, सौदा तिच्या डोळ्यांसमोर होतो पण तिला विचारून होत नाही. दुपारी तिच्या हाती दलालाची पट्टी पडते. वजन, दर, अडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे, आणि शेवटी जो आकडा उरतो तो ती दोनदा वाचते. ही पट्टी निदान तिला वाचता येते. तिच्या जमिनीचा उतारा मात्र कन्नडमध्ये असतो. भूसंपादनाची नोटीस, पीक नुकसानीच्या भरपाईचा अर्ज, सोसायटीच्या कर्जाचा कागद, हेही कन्नडमध्ये. तो वाचून घ्यायला ती कोणाकडे तरी जाते, आणि वाचून देणारा कधी चहावर भागवतो, कधी शंभराची नोट मागतो. हरकत नोंदवण्याची मुदत तीस दिवसांची असेल, तर त्यातले आठ-दहा दिवस कागदात काय लिहिले आहे हे कळण्यातच जातात. भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या १५ टक्क्यांहून अधिक असेल तिथे त्यांच्या भाषेत कागदपत्रे द्यावीत, ही मागणी आपण वर्षानुवर्षे निवेदनांतून करत आलो. निवेदनात ही मागणी अस्मितेच्या शब्दांत येते. त्या नोटिशीमुळे कोणाची किती गुंठे जमीन हरकतीविना गेली, हे गावाच्या नावानिशी आणि सर्व्हे नंबरानिशी छापले, तर त्याच मागणीला कसे वजन येते ते पहावे. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी शेतकऱ्यांनी सुपीक शिवार वाचवण्यासाठी जो नेट धरला, त्याच्या बातम्या आपण दिल्यात, त्याबद्दल आभारी आहे. पण त्या बातम्या आल्या स्थानिक घडामोडींच्या पानावर, आणि सीमाप्रश्न आला अग्रलेखात.

दुसरा विषय परगावी जाणाऱ्या माणसांचा. यावर ओ'डॉनेल यांनी जे लिहिले, त्याला कादंबरीकार म्हणूनही तोड नाही असे माझे मत आहे. १९२८ सालच्या 'आयलंडर्स' या त्यांच्या कादंबरीत एका बेटावरचे गरीब कुटुंब आहे. घरातले बटाटे सरत आलेले, आणि आई आपण जेवलो असे मुलांना भासवून आपल्या वाट्याचे त्यांना देत राहते. त्यात कोठे भाषण नाही, कोणाला शिव्याशाप नाहीत. बटाटे किती उरले आणि ताटात किती पडले, एवढेच. पुढच्या वर्षीच्या 'अॅड्रिगूल' या कादंबरीला कॉर्क परगण्यात १९२७ साली प्रत्यक्ष घडलेल्या घटनेचा आधार होता. स्वतंत्र आयर्लंडमध्ये, स्वतःचे सरकार आल्यावर पाच वर्षांनी, एका शेतकरी कुटुंबातली माणसे उपासमारीने मेली. ओ'डॉनेल यांनी ती गोष्ट आपल्या डोनेगॉलमध्ये आणून लिहिली. स्वराज्य मिळाले म्हणून या प्रश्नावर लिहायचे थांबायला ते तयार नव्हते.

१६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे स्कॉटलंडमधील किर्किंटिलॉक येथे बटाटे काढायला आलेल्या आयरिश मजुरांच्या निवाऱ्याला आग लागली आणि अॅकिल बेटावरचे दहा जण जळून मेले. सर्वांत लहान तेरा वर्षांचा होता, सर्वांत मोठा तेवीस वर्षांचा. ओ'डॉनेल यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. ज्या हालतीमुळे त्यांनी मास्तरकी सोडली होती, ती वीस वर्षांत तसूभरही बदललेली नव्हती. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्थलांतरित मजुरांच्या प्रश्नावर सरकारचे सल्लागार म्हणून आणि १९४८ ते १९५४ या काळातल्या स्थलांतर आयोगाचे सदस्य म्हणूनही त्यांनी काम केले. म्हणजे ज्या राज्याविरुद्ध ते लढले, त्याच राज्याच्या कागदांवर बसून मजुरांसाठी जे काढता येईल ते त्यांनी काढले. डी व्हॅलेरा म्हातारपणी त्यांना म्हणाले होते, की तुम्ही माझ्या जागी असता तरी दहा लाख माणसे देश सोडून गेलीच असती. त्यावर ओ'डॉनेल म्हणाले, गेली असती, पण ती हीच दहा लाख नसती. हा किस्सा आयर्लंडमध्ये अनेकदा सांगितला जातो.

आमच्या खानापूर तालुक्यातील किती घरांतली कर्ती मुले गोव्यात बांधकामावर, हॉटेलांत, कारखान्यांत आहेत, आणि किती कोल्हापूरच्या फाउंड्रीत? हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या टोळ्या आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या परिसरात पालांत राहतात. त्या मराठीच बोलतात, पण सीमाभागातील मराठी माणूस म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर त्या येत नाहीत. त्यांच्या मुलांची शाळा कोठे असते, उचलीचा हिशेब कोण ठेवतो, साप चावला तर किती अंतरावर औषध मिळते, हे आपल्या मराठी पत्रांतून क्वचितच वाचायला मिळते. मराठी शाळा बंद पडत आहेत म्हणून आपण हळहळतो, परंतु पट कमी होतो तो निव्वळ इंग्रजी माध्यमाच्या ओढीने होत नाही. आईबाप कामासाठी पणजी-वास्कोला गेले की मूलही जाते. चाळीस वर्षांच्या नोकरीत हजेरीपटावर लाल रेघ मारताना माझ्या हे अनेकदा ध्यानात आले आहे.

तिसरी बाब अधिक अवघड आहे, तरी लिहितो. १९३४ साली ओ'डॉनेल, फ्रँक रायन आणि जॉर्ज गिलमोर यांनी आयआरए सोडून रिपब्लिकन काँग्रेस ही डावी संघटना स्थापन केली. त्याच वर्षी जूनमध्ये बोडेन्सटाउन येथे अठराव्या शतकातील आयरिश क्रांतिकारक वुल्फ टोन यांच्या समाधीवर निघालेल्या वार्षिक मिरवणुकीत बेलफास्टच्या शँकिल भागातील प्रोटेस्टंट कामगार आपले फलक घेऊन आले होते. विरोधी गोटातले म्हणून ज्यांना शंभर वर्षे पाहिले, ते आपण होऊन आले होते. आणि आयआरएच्या माणसांनी त्यांच्याशी झोंबाझोंबी करून फलक हिसकावण्याचा प्रयत्न केला. ओ'डॉनेल यांची नवी संघटनाही त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस फुटली. आयआरएने त्यांना त्यांच्या गैरहजेरीत कोर्ट मार्शल करून बडतर्फ केले. राजकारणातला त्यांचा हिशेब असा बहुतेक तोट्याचाच आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. तरीही उसाचे बिल थकले की ते कन्नड शेतकऱ्याचे थकते आणि मराठी शेतकऱ्याचेही थकते, हे ज्याला दिसते त्याने शँकिलच्या त्या कामगारांची गोष्ट वाचावी. आपला हक्क सोडायचा नाही आणि शेजाऱ्याला शत्रूही मानायचे नाही, हे निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्गावर बसून दाखवले होते.

त्यांनी बंदूक उचलली, याचे समर्थन मी करत नाही. ज्या यादवीत ते होते, तिने त्या देशाची घरेच्या घरे दुभंगली, आणि त्या कडवटपणाने पुढच्या दोन पिढ्यांचे राजकारण नासवले. आपल्या तरुणांनी ते वाचावे, त्यातून स्फूर्ती मात्र घेऊ नये. संपादक म्हणून त्यांचे उत्तरायुष्य मला अधिक वाचनीय वाटते. १९४६ ते १९५४ या काळात ते 'द बेल' या वाङ्मयीन मासिकाचे संपादक होते. मध्ये दोन-अडीच वर्षे ते मासिक बंदही पडले होते, पुन्हा सुरू झाले. ग्रंथांवर सेन्सॉरची कडक नजर असलेल्या त्या काळात लेखकांना हे एक मोकळे दालन होते. १९७५ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांची शेवटची कादंबरी आली. १३ मे १९८६ रोजी ते वारले. आपल्या अंत्यसंस्काराला धर्मगुरू, राजकारणी आणि थाटमाट यांपैकी काहीही नको, असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्यानंतर तीनच आठवड्यांनी १ जूनला बेळगावात कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटले, हा केवळ तारखांचा शेजार आहे, त्याहून अधिक काही मी त्यात वाचत नाही.

माझी विनंती एवढीच आहे. आपल्या पत्रात सीमाप्रश्नाला जी जागा आहे, त्यातलीच आठवड्यातून अर्धे पान जागा कागदपत्रांना द्यावी. ज्याला कन्नडमधील नोटीस आली असेल त्याने ती पाठवावी, आपण तिचा मराठी मजकूर, हरकतीची मुदत आणि अर्ज कोठे द्यायचा ते छापावे. यार्डातील पट्ट्या महिनाभर गोळा करून बटाटा आणि रताळ्यांवरील कपाती एका तक्त्यात छापाव्यात. आणि परगावी जाणाऱ्या मजुरांवर पाळीपाळीने गावागावांतील शिक्षकांकडून लिहवून घ्यावे, कारण कोणाच्या घरातले कोण कोठे गेले आहे हे शिक्षकाला ठाऊक असते. हे काम मोठ्या लेखकांचे नाही, नेटाने माहिती गोळा करणाऱ्यांचे आहे. यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी असे सदर चालू झाले, तर खानापूरहून गोव्याकडे कामाला जाणाऱ्या माणसांवरचा पहिला मजकूर मी लिहून पाठवीन. मोबदल्याची अपेक्षा नाही. मजुरीचे आकडे मात्र आपल्या वार्ताहराने एकदा पडताळून मगच छापावेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
खानापूर तालुका, जि. बेळगाव